सुझानावरची गंजी

रूबेन पॅव्हिटचे डोळे जात चालले तेव्हाच त्याची बायको थर्झा सुझाना या मालवाहू शिडाच्या बार्जचं चाक धरायला लागली होती. रूबेन तिच्या शेजारी पाइप ओढत उभा राहायचा, म्हणजे लांबून बघणाऱ्याला वाटावं, बार्ज तोच चालवतोय. आमच्या खाडीतल्या झाडून सगळ्यांना खरी गोष्ट ठाऊक होती. कुणी कधी बोललं नाही.

सुझाना ब्राइट हे बार्जचं पूर्ण नाव. ओकच्या लाकडाची, सपाट तळाची, पोटात शंभर टनांहून जास्त माल घेणारी. एकच उंच डोलकाठी, तिच्या पायथ्यापासून तिरपा वर गेलेला लांबलचक वासा आणि त्यावर ताणलेलं तांबूस शीड. खाली कणा नाही, म्हणून दोन्ही बाजूंना पंखांसारख्या दोन मोठ्या फळ्या. वाऱ्यानं बार्ज आडवी सरकायला लागली की कलत्या बाजूची फळी पाण्यात सोडायची, पाणी उथळ झालं की वर ओढायची. ओहोटीला ती चिखलावर गाभण गाय बसावी तशी निवांत बसायची आणि भरती आली की उठायची. रूबेनच्या आजोबांच्या काळात तिनं लंडनच्या घोड्यांसाठी गवत वाहिलं आणि येताना त्याच घोड्यांची लीद आमच्या शेतांसाठी आणली. पुढे गहू, विटा, सिमेंट. एवढं सगळं फक्त दोन माणसं करायची. रूबेन आणि थर्झाच्या बाबतीत नवरा आणि बायको.

मी नेड मसेट. खाडीच्या काठावर आमचं होड्या बांधायचं यार्ड आहे. लहानपणापासून सुझाना आमच्या उतारावर डागडुजीला यायची, त्यामुळे मी तिला आतून-बाहेरून ओळखतो आणि थर्झामावशीलाही. ती उंचीनं माझ्या खांद्याला लागते, पण तिचा आवाज नदीच्या दुसऱ्या काठावर ऐकू जातो. आपल्या अंगात काय आहे हे ती लपवत नाही. विचारलंत तर सांगते, न विचारलंत तरी सांगते.

रूबेन वारला त्या वर्षी बार्जच्या मालकानं सुझाना काढून घेतली. थर्झानं ती चालवायला मागितली होती. तो म्हणाला, बाईच्या हाती बार्ज द्यायला विमावाले तयार होणार नाहीत. तिची डोलकाठी उपटली, पोटात इंजिन बसवलं आणि काही वर्षं तिच्यातून खडी वाहिली. मग इंजिन बंद पडलं. दुरुस्त करणं परवडेना, तेव्हा तिला ओढत आणून आमच्याच खाडीच्या टोकाला, जिथं जुन्या नावा मरायला टाकतात तिथं सोडून दिलं.

थर्झा तेव्हा ऑयस्टरच्या शेडमध्ये शिंपले धुवायचं काम करत होती. तिनं मालकाला विचारलं, त्यानं हात झटकले, हवी तर घे म्हणाला. त्याच आठवड्यात ती आपलं बिऱ्हाड घेऊन सुझानावर राहायला गेली. दर भरतीला बार्जच्या पोटात पाणी भरायचं आणि दर ओहोटीला निथळायचं. मागची केबिन तेवढी कोरडी होती. तिथं शेगडी पेटवून ती तो हिवाळा राहिली. मी सांगायला गेलो होतो, आमच्या घरात एक खोली रिकामी आहे म्हणून. ती म्हणाली, "खोली कशाला हवी मला? येताना हातोडा घेऊन ये."

मग क्लिफर्ड टरेल आला. टरेल आमचा बंदर अधिकारी, नेहमी टायमध्ये, माणूस वाईट नव्हता. बंदराच्या मंडळानं ठरवलं होतं की टोकाला पडलेली सगळी जुनी लाकडं जाळून टाकायची, कारण वादळात त्यांचे तुकडे सुटून होड्यांवर आदळतात. थर्झानं त्याला केबिनमध्ये बसवून चहा दिला, शेजारी केक ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "मिस्टर टरेल, जाळायला याल तेव्हा आधी निरोप धाडा. मी आतच असेन, पण निदान कपडे बरे घालून बसेन."

टरेलनं कप खाली ठेवला. मग म्हणाला की मंडळाच्या नियमात पाण्यावर तरंगते ती बार्ज आणि तरंगत नाही ते भंगार. वसंतातल्या मोठ्या उधाणाला सुझाना तरंगली, तर तिला हात लावायचा अधिकार कुणालाच नाही.

तो गेल्यावर थर्झा म्हणाली, हा माणूस आपल्याला वाट दाखवून गेला.

त्या उधाणापर्यंत आम्ही तिच्या खालच्या फटींत डांबरात भिजवलेलं सूत ठोकत होतो. भोकांवर शिशाचे पत्रे मारले, जिथं पत्रा बसेना तिथं सिमेंट ओतलं. आम्ही म्हणजे थर्झा, मी आणि रविवारी जे कुणी रिकामे असतील ते. पर्सी डाऊसेट मात्र मदतीला नव्हता. पर्सी म्हणजे निवृत्त कप्तान, सत्तरी ओलांडलेला, जिभेनं करवतीसारखा. तरुणपणी बार्जच्या शर्यतीत रूबेननं त्याला हरवलं होतं ते त्यानं कधीच मनाला लावून घेतलं नाही असं तो दर आठवड्याला सांगायचा. तो रोज यायचा, धक्क्यावरच्या लोखंडी खुंटावर बसायचा आणि आमच्या चुका काढायचा. सूत असं नाही ठोकत. हातोडा असा नाही धरत. ही बार्ज आहे, शवपेटी नाही. एके दिवशी त्याच्यानं बघवेना. तो उठला, माझ्या हातातला हातोडा हिसकावून घेतला आणि गुडघ्यापर्यंत चिखलात उतरला.

थर्झा वरून म्हणाली, "उशीर केलास पर्सी. मला वाटलं तू ख्रिसमसलाच उतरशील."

"मी तुझ्यासाठी नाही उतरलो," तो म्हणाला. "या पोराचं काम बघून माझं पोट दुखायला लागलंय."

उधाणाच्या सकाळी अर्धं गाव बादल्या घेऊन आलं. पाणी चढत गेलं, आत झिरपत गेलं, आम्ही उपसत गेलो. सुझाना हलेना. पाणी तिच्या अंगाला बाहेरून मारलेल्या लाकडी पट्ट्यापर्यंत आलं तरी ती चिखलाला धरून बसलेली. मग खालून एक मोठा उसासा टाकल्यासारखा आवाज आला, चिखलानं तिला सोडलं आणि ती एका बाजूनं उचलली गेली, मग दुसऱ्या बाजूनं. टरेल काठावर होता. त्यानं दुरूनच हॅट काढली आणि ऑफिसात निघून गेला.

ती तरंगली, पण तरंगणं वेगळं आणि चालणं वेगळं. पुढची बरीच वर्षं त्यात गेली. कुजलेल्या फासळ्या काढून नव्या घातल्या. ओकच्या फळ्या वाफेच्या पेटीत ठेवून मऊ करायच्या आणि गरम आहेत तोवर धावत नेऊन वाकवून बसवायच्या, हे काम आमच्या यार्डात माझ्या वडिलांच्या नंतर कुणी केलं नव्हतं. दोन फळ्या फुटल्या, तिसरी बसली. डोलकाठी एका पडीक बार्जची मिळाली. शिडांचं कापड थर्झा आणि पर्सीनं मिळून शिवलं, चर्चच्या सभागृहात जमिनीवर पसरून, दिवसभर एकमेकांचे टाके उसवायला लावत. मग त्याला गेरू आणि माशाचं तेल चोळलं. त्या वासानं आठवडाभर चर्चमध्ये प्रार्थनेला माणसं कमी आली. शेवटी एका शरद ऋतूत डोलकाठी उभी राहिली. मंडळानं सांगितलं की वसंतात तपासनीस येईल, तो पास करेल, मग शीड उघडा. तोवर धक्क्याला बांधून ठेवा.

त्याच हिवाळ्यात समुद्र चढला.

उत्तरेचा वारा आणि उधाण एकत्र आलं आणि एका रात्रीत आमच्या किनाऱ्यावरचे बांध ठिकठिकाणी फुटले. गावात गुडघाभर पाणी आलं आणि गेलं. आमच्या समोरच्या रॅनसे बेटाची मात्र दैना झाली. बेटाला जोडणारा एकुलता एक रस्ता दलदलीतून जायचा, तो मधोमध वाहून गेला. माणसांना काही झालं नाही, घरं उंचावर होती. पण गोठे आणि गवताच्या वखारी सखल भागात होत्या. वर्षाचं गवत खाऱ्या पाण्यात भिजून सडायला लागलं होतं आणि बेटावर गाई-मेंढ्या शेकड्यांनी होत्या.

वारा पडल्यावर बेटावरची ॲग्नेस लकिंग छोट्या होडीतून आली. ॲग्नेस तिथली सगळ्यात मोठी शेतकरीण, दणकट, कमी बोलणारी. पबमध्ये सगळे जमले होते, तिथं ती ओल्या कोटासकट उभी राहिली आणि तिनं सांगितलं की गाई आता कुंपणाची लाकडं चावताहेत. गाभण मेंढ्या पडायला लागल्या आहेत. गवत पाहिजे, आणि आठवड्याभरात नाही, आत्ता.

गवत होतं. नदीच्या वरच्या बाजूच्या शेतकऱ्यांनी आपणहून द्यायचं कबूल केलं होतं. न्यायचं कसं, हा प्रश्न होता. कोळ्यांच्या होड्यांत मूठभर गठ्ठे मावत. मालवाहू मोटरबोटींना बेटाच्या खाडीत पुरेसं पाणी नव्हतं, त्यांचे पंखे चिखलात रुतले असते. लष्कराकडे सपाट तराफे होते, पण ते सगळे दक्षिणेकडे पूरग्रस्त शहरांत गुंतलेले. टरेल दिवसभर फोनवर होता आणि त्याचा चेहरा बघूनच उत्तर कळत होतं.

थर्झा कोपऱ्यात बसून वाटाण्याचं सूप पीत होती. तिनं चमचा खाली ठेवला.

"सुझाना जाईल," ती म्हणाली. "ती बांधली होती याच कामासाठी."

कुणीतरी हसलं. ती त्याच्याकडे बघत राहिली तसं त्याचं हसू विरलं. टरेल म्हणाला, मिसेस पॅव्हिट, तिची तपासणी झालेली नाही. ती म्हणाली, मग करा की.

टरेल उठला. आम्हाला वाटलं तो फोनकडे जाईल. तो टॉर्च आणि आपला खिशातला चाकू घेऊन सरळ सुझानावर गेला आणि तिच्या पोटात उतरला. आम्ही धक्क्यावर थंडीत उभे. आतून ठकठक ऐकू येत होती, कधी पुढून, कधी मागून. बाहेर आला तेव्हा टाय डांबरानं माखलेला आणि गुडघे ओले. तो कुठल्याही बार्जचा तपासनीस नव्हता आणि हे त्याच्या नोकरीवर येऊ शकतं हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. त्याला तर सगळ्यात जास्त.

"लाकूड चांगलं आहे," तो म्हणाला. "माझ्या सहीनं जाऊ दे. पण खलाशी कोण?"

थर्झानं माझ्याकडे बोट केलं. मी होड्या बांधतो, चालवतो थोड्याच, असं सांगायला मी तोंड उघडलं, पण तोवर पर्सीनं ग्लास संपवला होता. तो म्हणाला, "पॅव्हिटबाई चाक धरणार असेल तर फळ्यांवर शहाणं माणूस पाहिजे. मी येतो."

"शहाणं कुठून आणायचं?" थर्झा म्हणाली. "तूच चल."

दुसऱ्या सकाळी नदीकाठच्या गिरणीच्या धक्क्यावर ट्रॅक्टरांची रांग लागली. आधी सुझानाचं पोट भरलं. मग डेकवर आडवे वासे टाकले, दोन्ही बाजूंनी थोडे बाहेर निघालेले, आणि त्यावर गठ्ठ्यांची गंजी चढायला लागली. डेकवर गंजी रचलेली बार्ज मी फक्त पबच्या भिंतीवरच्या जुन्या फोटोत पाहिली होती. पर्सी वर उभा राहून एकेक गठ्ठा कसा फिरवायचा ते सांगत होता, कोपऱ्यावर असा, मध्ये असा, नाहीतर पहिल्या झोक्याला निम्मं पाण्यात जाईल. गंजी माझ्या डोक्याच्या वर गेली, मग घराच्या छपराइतकी झाली. मोठ्या शिडाचा खालचा भाग गोळा करून गंजीच्या वर बांधून टाकला. लांबून बघितलं तर बार्ज दिसतच नव्हती. एक गंजी शीड लावून बसली होती.

आता मागं चाकाशी उभ्या माणसाला पुढचं काहीच दिसणार नाही, हे तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं.

"मला दिसायची गरज नाही," थर्झा म्हणाली. "तू वर जा आणि काय दिसतंय ते ओरडून सांग. विचार करू नकोस, नुसतं सांग. विचार मी करते."

भरती निम्मी झाल्यावर दोर सोडले. वारा पश्चिमेचा, पाठीमागून, बोचरा. वरचं छोटं शीड भरलं, मग मोठ्याचा उघडा भाग भरला, आणि ते सगळं धूड धक्क्यापासून हळूच निघालं. कसला धक्का नाही, कसला आवाज नाही. मी गंजीवर पोटावर झोपलो होतो. खाली नदी मागं जायला लागली. काठावर लोक चालत चालत आमच्याबरोबर येत होते, मग पळायला लागले, मग मागं पडले. मागून आवाज आला, "नेड, झोपलास का? पुढं काय आहे?"

मी बघून सांगायला लागलो. डावीकडे नांगरलेली होडी. उजवीकडे वाहत आलेलं झाड. ती माझ्या प्रत्येक शब्दाला चाक फिरवायची, आणि गंजीचं टोक माझ्या डोळ्यांसमोर तेवढंच वळायचं जेवढं हवं. थोड्या वेळानं मी आंधळ्यासाठी बघतोय असं वाटायचं थांबलं. असं वाटलं की तिचेच डोळे मी वर घेऊन बसलोय.

नदीचं तोंड सोडून आम्ही बेटाच्या खाडीकडे वळलो तेव्हा वारा बाजूनं आला. गंजीच एक शीड असल्यासारखी वारा धरत होती. बार्ज कलली, खालच्या बाजूचे गठ्ठे पाण्याला टेकले, आणि पर्सीनं शिव्या देत उजवी फळी पाण्यात सोडली. ती सावरली. मी मुठीत दोर आवळून धरला होता.

आणि मग मला दिसलं की पुढं खुणा नाहीत.

बेटाच्या खाडीत खोल पाण्याची वाट दाखवायला दोन्ही बाजूंना काठ्या रोवलेल्या असतात. समुद्रानं सगळ्या नेल्या होत्या. समोर नुसतं करडं पाणी होतं, सगळीकडे सारखं, आणि पलीकडे उंचावर ॲग्नेसचं शेत. मी ओरडून सांगितलं. पर्सी बांबूनं खोली बघायला लागला आणि त्यानं कळवलं की वाट सरकली आहे. जिथं खोल असायला हवं तिथं चिखल. तो म्हणाला, नांगर टाक आणि होडी पाठवून वाट शोध. पण भरती शिगेला आली होती. वाट शोधेपर्यंत पाणी उतरलं असतं, आणि आम्ही शेताच्या समोर, गाईंना गवताचा वास येईल इतक्या जवळ, चिखलात बसून राहिलो असतो.

थर्झानं विचारलं, "शेत कुठल्या बाजूला आहे?"

"आपल्या पुढच्या टोकाच्या थोडं उजवीकडे. पण मध्ये सगळा चिखलाचा पट्टा आहे, मावशी. पाणी कमरेएवढंसुद्धा असेल-नसेल."

"मला वाट नको," ती म्हणाली. "वाट खोल नावांसाठी असते. पर्सी, दोन्ही फळ्या वर घे."

फळ्यांच्या साखळ्या खडखडत वर आल्या. थर्झानं चाक फिरवलं, वारा मागच्या कोपऱ्यावर घेतला आणि सुझानाला सरळ चिखलाच्या पट्ट्यावर घातलं.

निम्म्या अंतरापर्यंत ती मस्त गेली. मग मला खालून जाणवलं, जणू कुणी तिचा पदर धरलाय. वेग कमी झाला. मागं पाण्यात चॉकलेटी रेघ उमटली. ती आणखी मंदावली. बेटाच्या बांधावर माणसं उभी होती, इतकी जवळ की ॲग्नेसचा कोट मी ओळखला.

"नेड, मोठं शीड सोड. सगळं."

गोळा केलेल्या शिडाचा दोर माझ्या शेजारीच बांधला होता. पर्सी खालून म्हणाला, "अगं, गंजीला घासून फाटेल ते. नवं आहे."

"फाटू दे. शिवायला तू आहेस."

मी दोर सोडला. तांबूस कापड गठ्ठ्यांवर कोसळलं, फडफडलं आणि एका दमात फुगलं. कुठंतरी चर्रकन आवाज झाला. मी गंजीवरून पडता पडता वाचलो. सुझाना थरथरली, खालचा चिखल तिच्या तळाला शेवटचा चाटून गेला, आणि ती सुटली. पट्ट्याच्या पलीकडे, शेताच्या पायथ्याशी, खडीचा उतार आहे. थर्झानं शीड गोळा करायला लावलं आणि तिला त्या उतारावर असं अलगद टेकवलं की गंजीवरचा एक गठ्ठासुद्धा हलला नाही.

ॲग्नेस लकिंग बांधावरून पाण्यात उतरून कमरेपर्यंत चालत आली आणि सुझानाच्या लाकडावर तिनं दोन्ही हात ठेवले. वर बघून तिनं विचारलं, "कप्तान कोण आहे?"

तिला थर्झा माहीत होती. चांगली माहीत होती. तरी तिनं मोठ्यानं विचारलं.

पर्सीनं टोपी काढली. "ती काय," तो म्हणाला. "चाकामागं. मला वाटलं दिसत असेल, पण तिची उंची जरा कमी आहे."

थर्झानं काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून शब्दच निघेना. मी तिला ओळखतो तेव्हापासून पहिल्यांदाच. तिनं चाकावर हात तसेच ठेवले आणि मान खाली घातली. पर्सी दुसरीकडे बघत फळीच्या साखळीला उगाचच तेल देऊ लागला.

पाणी ओसरलं, सुझाना उतारावर बसली, आणि ट्रॅक्टर सरळ तिच्या बाजूला येऊन उभे राहिले. बेटावरची झाडून सगळी माणसं आली. गठ्ठे हातोहात उतरले. पहिली गाडी गोठ्यांकडे गेली तेव्हा तिकडून गाईंचं हंबरणं ऐकू आलं, आधी दोन-तीन, मग सगळ्याच. ॲग्नेसच्या स्वयंपाकघरात आम्हाला उकडलेलं बेकनचं पुडिंग आणि कांद्याचा रस्सा मिळाला. थर्झानं दोनदा मागून घेतलं आणि जेवता जेवता सगळ्यांना सांगितलं की मोठं शीड सोडायचा निर्णय योग्य होता हे पर्सीनं मान्य केलंय. पर्सी म्हणाला, त्यानं काहीही मान्य केलेलं नाही, वीतभर फाटलंय.

रस्ता दुरुस्त होईपर्यंत सुझाना जात-येत राहिली. गवत, दाणा, कोळसा, पीठ, एकदा तर बेटावरच्या चर्चचा दुरुस्त केलेला ऑर्गन. प्रत्येक वेळी बांधावर जास्त माणसं असायची. मंडळानं टरेलला बोलावून घेतलं, तेव्हा आम्हाला भीती वाटली होती. तो परत आला तो सुझानासाठी गावच्या मुख्य धक्क्यावरची कायमची जागा घेऊनच. वसंतात खरा तपासनीस आला, त्यानं पोटात उतरून चाकूनं टोचून बघितलं आणि विचारलं, हे काम कुणी केलंय? मी हात वर केला. पर्सीनंही केला.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही लंडनला गेलो. तिथल्या एका बिअरवाल्याकडे अजून गाडीचे घोडे होते आणि त्यानं थर्झाला विचारलं होतं की त्यांच्यासाठी जुन्या पद्धतीनं गवत आणाल का. गंजी पुन्हा रचली. या वेळी पर्सीनं एकालाही ओरडून सांगितलं नाही, कारण मदतीला आलेल्या मुली-मुलांना तो आधी महिनाभर ओरडूनच शिकवत होता. टेम्सच्या मुखापासून आत जाताना कारखाने, क्रेनी, मोठाली जहाजं बाजूनं गेली. एका जहाजानं भोंगा दिला, मग दुसऱ्यानं, आणि शहर जवळ येईपर्यंत ते थांबलंच नाही.

टॉवर ब्रिजवर लाल बसगाड्या थांबल्या होत्या. पुलाचे दोन्ही पंख आमच्यासाठी वर उचलले गेले. बसमधून उतरून लोक कठड्याला गर्दी करून उभे होते. सुझाना गवताची गंजी घेऊन, तांबूस शीड भरून, भर दुपारी त्या पुलाखालून चालली होती, आणि मी गंजीवरून मागं वळून बघितलं. थर्झा चाकाशी सरळ उभी होती. पुलाची सावली तिच्यावरून सरकली, ऊन पुन्हा तोंडावर आलं, तशी तिनं एक हात चाकावरून काढला, टोपी उंच धरली आणि वरच्या सगळ्या लोकांना ती हलवून दाखवली.